नदीतल्या अळ्यांवरून प्रदूषण ओळखायचंय? आधी भावंडं टाळा

मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, कायरोनोमिड या पाण्यात वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्या ओळखता येतात आणि बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखणं, माहीत आहे, असं धरून चालतो. जातींची यादी बदलेपर्यंत नदीचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. एकाच जातीतली जनुकीय विविधता त्याच्या आधीच घसरू शकते, कारण तग धरलेल्या मोजक्या माद्यांचीच संतती मागे उरते. म्हणून एकच जात निवडा. सांडपाणी मिसळतं त्या जागेच्या वर आणि खाली, दोन्हीकडे ती सापडायला हवी.

आता ज्यात जवळजवळ प्रत्येक नवखा अडकतो ते. बेटिस या मेफ्लायची मादी पाण्यात उतरून दगडाच्या खालच्या बाजूला अंड्यांचा थर लावते. कायरोनोमसची मादी शेकडो अंडी एकाच चिकट गोळ्यात घालते. बारकोडिंगसाठी वापरतात तो सीओआय हा जनुक मायटोकाँड्रियातला, म्हणजे फक्त आईकडून येणारा. त्यामुळे एका दगडावरच्या १४ अळ्या म्हणजे कदाचित एकाच आईची १४ लेकरं, आणि हॅप्लोटाइप, म्हणजे या जनुकाचा क्रम, एकच. हिशोब करून बघा. २० अळ्यांत ४ हॅप्लोटाइप प्रत्येकी ५ असतील तर हॅप्लोटाइप विविधता (सहज उचललेल्या दोन अळ्यांचे हॅप्लोटाइप वेगळे निघण्याची शक्यता) ०.७९ येते. तेच ४ हॅप्लोटाइप १४, २, २, २ असे आले की ती ०.५१ वर उतरते. नदी तीच, पाणी तेच, बदललं फक्त तुमचं वेचणं. आणि अहवालात मात्र 'प्रदूषणामुळे घट' असं लिहिलं जातं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण सोपा आहे. किमान १०० मीटरचा पट्टा घ्या, एका दगडावरून एकच अळी उचला आणि प्रत्येक ठिकाणाहून २० ते ३० अळ्या जमवा. ५०० मायक्रॉनची जाळी पुरते. एकदा जाळी मारून सगळं बाटलीत ओतण्याचा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. बाटलीभर पाण्यातल्या डीएनएवरून जातींची यादी छान मिळते, पण कुठला हॅप्लोटाइप किती अळ्यांत आहे हे त्यातून कळत नाही. मार्गदर्शक निवडताना तुमच्यासोबत पाण्यात उतरणारा निवडा. सॉफ्टवेअर नंतर कुणीही शिकवेल.

अळ्या थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका, नमुन्याच्या किमान तिप्पट. दुसऱ्या दिवशी ते बदला, कारण अळ्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं. फॉर्मालिन नकोच, त्याने डीएनए खराब होतो. डीएनए काढताना आतडं वगळा, नाहीतर खाल्लेल्या गोष्टींचा डीएनएही सोबत येतो. कायरोनोमिडचं डोकं सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखण्याच्या स्लाइडसाठी राखून ठेवा.

फोल्मर प्रायमरनी (हवा तो तुकडा पकडून त्याच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे धागे) सीओआयचा ६५८ बेसचा तुकडा मिळतो. त्याचं भाषांतर, म्हणजे डीएनएवरून प्रथिनाचा क्रम वाचणं, अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियल संकेताने करा. साध्या संकेताने केलंत तर टीजीए या तीन अक्षरांच्या जागी खोटे स्टॉप कोडॉन, म्हणजे 'प्रथिन इथे संपलं' अशा खुणा, दिसतील आणि चांगले क्रम फेकले जातील. योग्य संकेत लावूनही स्टॉप दिसला, तर तो केंद्रकात जाऊन बसलेला छद्मजनुक, म्हणजे जनुकाची निकामी नक्कल, असू शकतो. तो वगळा. क्रमांचे दोन गट एकमेकांपासून २-३ टक्क्यांहून दूर पडले, तर दिसायला सारख्या दोन जाती मिसळल्याची शंका घ्या. तशाच मोजल्यात तर विविधता फुगते.

खालच्या भागात विविधता घटली नाही म्हणून घाबरू नका. वरच्या स्वच्छ पाण्यातल्या अळ्या प्रवाहाबरोबर वाहत खाली येतात आणि घट झाकतात. त्यासाठी शेजारचा एखादा स्वच्छ ओढाही तुलनेला घ्या. उलट घट दिसली तरी लगेच प्रदूषणावर बोट ठेवू नका. पूर, धरण, अगदी अळ्यांमधला वोल्बाकिया जिवाणूसुद्धा मायटोकाँड्रियातली विविधता कमी करतो. केंद्रकातले मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) तपासले तर वोल्बाकियाचा परिणाम वेगळा काढता येतो. विरघळलेला ऑक्सिजन, विद्युतवाहकता आणि तापमान त्याच दिवशी, त्याच जागी मोजा.

लेबल पेन्सिलने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.