पालक-मुलांची एकत्र गडफेरी: या चुका टाळा

युवक मंडळं, शाळांची स्काउट पथकं, गिरिभ्रमण करणारे गट हल्ली मुलांच्या शिबिरात एक दिवस पालकांनाही बोलावतात. हेतू चांगलाच असतो. पण संध्याकाळी परतताना बरेचदा मुलं एका डब्यात आणि पालक दुसऱ्या डब्यात बसलेले असतात. दिवसभरात दोघांत "पाणी प्यायलास का?" याच्यापलीकडे बोलणं झालेलं नसतं. तसं होऊ नये म्हणून काही गोष्टी निघण्याआधीच ठरवाव्या लागतात.

पहिली चूक गड निवडतानाच होते. कार्यकर्ते तरुण, उत्साही. ते थेट हरिहरच्या कातळपायऱ्या सुचवतात आणि निम्मे पालक भीतीने पायथ्याशीच बसून राहतात. पहिल्या फेरीसाठी माझं मत लोहगडला. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, भाजे गावातून चढून गायमुख खिंड गाठायची, मग गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ओलांडत पायऱ्यांनी वर. दम लागतो, पण कड्याची भीती वाटत नाही. ज्या आजी-आजोबांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांच्यासोबत एक-दोन जणांनी भाजे लेणी पाहावीत. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला प्राचीन लाकडी फासळ्या अजून आहेत. पावसाळ्यातले शनिवार-रविवार मात्र टाळा. लोहगडच्या पायऱ्यांवर तेव्हा अक्षरशः रांग लागते, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत त्याचंही नाव आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

निरोप पाठवताना "आई-वडिलांसह यावे" असं लिहू नका. कुणाचे वडील परगावी असतात, कुणाच्या आईला रविवारीही कामावर जावं लागतं, कुणी मामाकडे वाढतंय. "घरातलं कुणीही एक मोठं माणूस" एवढं पुरतं, आणि मग आत्या, आजोबा, मोठी ताई, सगळेच येतात.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक मात्र वाटेत होते. "आमचा घरी ताटसुद्धा उचलत नाही, इथे बघा कसा पळतोय!" पालक हे कौतुकानेच म्हणतात. पण तेरा-चौदा वर्षांच्या पोराला मित्रांसमोर ते फार लागतं, आणि तिथून पुढे ते आपल्या माणसापासून चार पावलं लांबच चालतं. पालकांची अर्ध्या तासाची बैठक आधी घ्या आणि स्पष्ट सांगा: गडावर घरातल्या तक्रारी, मार्क आणि दुसऱ्याच्या मुलाशी तुलना बंद. कार्यकर्त्यांनीही "सर्वोत्तम कुटुंब" वगैरे बक्षिसं ठेवू नयेत. बक्षीस एकालाच मिळतं आणि उरलेल्यांचा परतीचा प्रवास रुसव्यात जातो.

एवढं करूनही मूल फुरंगटलेलंच असेल तर? जबरदस्तीने आईशेजारी चालवू नका. चढताना त्याची जोडी मित्राच्या काकांशी किंवा मावशीशी लावा. परक्या मोठ्या माणसाशी मुलं किती मोकळं बोलतात, हे पाहून नवल वाटतं. उतरताना घरच्या जोड्या करा. तोवर राग बहुतेक निवळलेला असतो आणि सांगायला काहीतरी साठलेलं असतं.

मुलांना कामं देताना फुगे लावण्यासारखी नावापुरती कामं देऊ नका. मोठ्यांना ज्याची खरंच गरज पडेल असं काम द्या. पाणी मुलाच्या सॅकमध्ये आणि शिदोरी बाबांच्या सॅकमध्ये ठेवा. मग दोघांना एकत्र थांबावंच लागतं, कुणी पुढे पळत नाही. चार दरवाजांची माहिती आधीच्या आठवड्यात मुलांना वाटून द्या आणि तिथे पोचल्यावर त्यांनाच सांगू द्या. मूल अडखळलं तरी मोठ्यांनी मध्ये वाक्य पुरं करायचं नाही. विंचूकाट्याकडे, म्हणजे लोहगडाच्या लांब निमुळत्या सोंडेकडे जाताना थोडा खडकाळ उतार आहे. तिथे हात कुणी कुणाला द्यायचा हे त्यांचं त्यांना ठरवू द्या, सोबत अनुभवी कार्यकर्ता मात्र हवाच.

जेवणाचं ओझं बहुतेक वेळा आईवर पडतं. ती पहाटे उठून दहा जणांच्या पोळ्या लाटते आणि गडावर पोचेपर्यंत थकून जाते. घरटी एकच पदार्थ ठरवा आणि तो आदल्या रात्री मुलाने हाताशी राहून करायचा, ही अट घाला. गडावर चूल पेटवायची नाही. लोहगड संरक्षित स्मारक आहे. गरम पिठलं-भात हवा असेल तर भाजे गावात एखाद्या घरी आधी सांगून ठेवा.

आणि वर्षातून एकदाच ही फेरी काढून थांबू नका. पुढच्याच आठवड्यात सगळ्यांना पुन्हा बोलवा, खर्चाचा हिशेब मुलांना मांडू द्या आणि पुढचा गड त्यांनाच निवडू द्या. शेजारचा विसापूर बहुतेक कुणीतरी सुचवतंच.