दुःखाच्या घरी प्रार्थनेला जाताना

होडी बुडालेलं घर, कॅन्सरचा रिपोर्ट हातात आलेलं घर, वादळात नारळी-पोफळीची बाग आडवी झालेलं घर. समाचाराला तिन्हीकडे जावंच लागतं, पण तिन्हीकडे तीच वचनं वाचून भागत नाही. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती वाड्यांवर अशी प्रार्थना बहुतेकदा फादर किंवा पाळक चालवत नाहीत. ते पोहोचेपर्यंत, आणि ते येऊन गेल्यावरही, शेजारची काकी, संडे स्कूलची बाई किंवा मंडळीतला एखादा वडीलधारा माणूसच पुढे होतो. पुढची माहिती त्यांच्यासाठी आहे.

निघण्याआधी स्वतःच्या मनाशी एक गोष्ट पक्की करून घ्या. ख्रिस्ती आशा ही आजार बरा होईल या अंदाजावर उभी नाही. 1 पेत्र 1:3 मध्ये जिला जिवंत आशा म्हटलं आहे, तिचं कारण तिथेच दिलं आहे: येशूचं मेलेल्यांतून पुनरुत्थान. हे पक्कं नसलं की तोंडातून सहज जातं, ‘काळजी करू नका, सगळं ठीक होणार.’ पुढचा रिपोर्ट वाईट आला की ते वाक्य घरातल्यांना आठवतं, आणि देवानेच शब्द मोडला असं त्यांना वाटतं. तो शब्द देवाने दिलेलाच नसतो.

पहिली भेट

तिघं-चौघं जा, त्याहून जास्त नको. त्यात घरातल्या बाईशी मोकळेपणी बोलू शकेल अशी एक तरी बाई हवी. वीस-पंचवीस मिनिटांत उठा. मच्छीमारांच्या वाडीवर लिलावाची आणि मासळी निवडायची वेळ टाळून दिवेलागणीनंतर जाणं बरं. जाताना उकड्या तांदळाची पेज, एखादी भाजी, पिण्याचं पाणी असं काही न्या. दुःखाच्या घरी चूल पेटलेली नसते आणि येणाऱ्यांना चहा कुठून द्यायचा याचीच त्या घराला चिंता लागलेली असते. प्रार्थनेचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. हे सांगावं लागतं, कारण टाकले जातात.

ईयोबाचे तीन मित्र पुढे पुष्कळ चुकीचं बोलले, पण सुरुवात त्यांनी बरोबर केली होती: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्द बोललं नाही (ईयोब 2:13). पहिल्या भेटीत एवढंच जमलं तरी पुरे. एक छोटं स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, आणि कॅथलिक घर असेल तर रोझरीची एखादी दशी. बोधपर भाषण नको. गाणं म्हणायचंच तर सगळ्यांना पाठ असलेलं, खालच्या पट्टीत, ढोलकी-पेटी न घेता. सावंतवाडी-मालवणकडच्या ज्या घरांत कोकणीत प्रार्थना होते तिथे कोकणीतच करा. दुःखात माणूस घरच्या बोलीत रडतो.

आधी गाऱ्हाणं, मग वचन

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. आपल्याला घाई असते धीर द्यायची, म्हणून आपण थेट रोमकरांस 8:28 वर उडी मारतो: देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वचन खरं आहे. पण पोराला पुरून दोन दिवस झालेल्या आईला ते ऐकवलं की तिला एवढंच कळतं, की माझं पोर गेलं हेही बरंच झालं म्हणायचं. तोच अध्याय 18व्या वचनापासून वाचा. तिथे आधी सृष्टी कण्हते (22), मग आपण कण्हतो (23), मग आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हतो (26). पहिले काही आठवडे 27व्या वचनापाशीच थांबा. 28 ते 39 चा उतारा कुठे पळून जात नाही. घरातल्या कोणी स्वतःहून ‘पुढे काय आहे?’ विचारलं की तो वाचायची वेळ झाली.

गाऱ्हाणं देवापुढे मांडायला स्तोत्रसंहिता शिकवते. 150 स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. सुरुवातीला 13वं घ्या. सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. रचना अशी: देवाला हाक, तक्रार, मागणी, आणि शेवटी भरवसा. याच चार पायऱ्यांवर घरातल्या माणसाला स्वतःच्या शब्दांत बोलू द्या. उदाहरणार्थ:

‘देवा, ऐकतोस ना? बोट गेली, कर्ज राहिलं. हप्ता पाच तारखेला आहे आणि घरात कमावता कोणी नाही. निदान पोरांची शाळा सुटू देऊ नको. तू आजवर सांभाळलंस, पुढे कसं ते मला दिसत नाही, पण हाक तुलाच मारते.’

शेवटची ओळ जमत नसेल तर ओढूनताणून वदवून घेऊ नका. 88वं स्तोत्र अंधारावरच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. काही घरांत दोन-तीन महिने 88च चालतं. येशूने वधस्तंभावर 22व्या स्तोत्राचीच पहिली ओळ उच्चारली, म्हणून ‘देवाने मला सोडलं’ असं कोणी म्हटलं तर दचकून त्याचं तोंड बंद करायची गरज नाही.

कुठल्या घरी काय वाचावं

समुद्रावर जाणाऱ्यांच्या घरी प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 फार लवकर पोहोचतो. पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारं जहाज वादळात सापडतं, त्याची ही गोष्ट. वाचायला सहा-सात मिनिटं लागतात. चौदावी रात्र, पाणी मोजलं तर आधी वीस वाव, थोडं पुढे पंधरा वाव, मग खडकावर आपटू या भीतीने वरामाकडून (जहाजाच्या मागच्या टोकाकडून) चार नांगर टाकले आणि उजाडायची वाट पाहत राहिले. कुठल्याही तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, हे समजावून सांगावं लागत नाही. खलाशी डिंगी सोडून पळायला बघतात तेही त्याला लगेच कळतं. नीट दाखवायची गोष्ट 22व्या वचनात आहे: पौलाला वचन मिळालं होतं ते माणसांच्या जिवाचं, जहाजाचं नाही. जहाज फुटलंच. 276 माणसं मात्र कोणी पोहून, कोणी फळ्यांवर काठाला लागली. यानंतर इब्री 6:19 वाचलं, जिथे आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे, तर अर्थ आपोआप उतरतो: नांगर वादळ थांबवत नाही, होडी धरून ठेवतो.

पण ज्या घरचा माणूस समुद्रातून परतलाच नाही, तिथे हा अध्याय चुकूनही काढू नका. ते वचन त्या एका प्रवासापुरतं होतं, प्रत्येक होडीसाठी नव्हतं. अशा घरी स्तोत्र 139:9-10 वाचा (समुद्राच्या पलीकडच्या टोकाला गेलो तरी तिथेही तुझा हात मला धरील), रोमकरांस 8:39 मधला ‘खोली’ हा शब्द सावकाश वाचा (तीही देवाच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळं करू शकत नाही), आणि प्रकटीकरण 20:13, जिथे समुद्र आपल्यातले मृत परत देतो. मृतदेह मिळाला नसला की घर महिनोन्‌महिने अधांतरी राहतं. सात वर्षं काही खबर नसेल तर कायदा माणूस मृत धरतो, पण तोवर बायकोला विधवा म्हणायचं की नाही हे वाडीने ठरवू नये. स्मरणाची प्रार्थना करायची का आणि कधी, हे ती सांगेल तेव्हा.

बाग गेलेल्या घरी यिर्मया 32 घ्या. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोलीकडे जे केलं ते किनाऱ्याला सांगायला नको. नवा नारळ फळाला यायला पाच-सात वर्षं. यिर्मया यरुशलेमला वेढा पडलेला असताना सतरा शेकेल चांदी मोजून शेत विकत घेतो, खरेदीखत करतो, मोहर लावतो आणि ते टिकावं म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो. आशा म्हणजे व्यवहार कसा, ते इथे दिसतं. वाचन झाल्यावर पंचनाम्याची प्रत, सातबारा, बँक पासबुक एकत्र करून भरपाईचा अर्ज तिथेच बसून भरा. हबक्कूक 3:17-18 (अंजीर फुलला नाही तरी) सुंदर आहे, पण त्याआधी त्याच पुस्तकातलं 1:2 (कोठवर हाक मारू?) वाचल्याशिवाय नाही.

मरणाऱ्याचा प्रश्न

खाटेवरचा माणूस हळूच विचारतो, ‘मला तारण मिळेल ना?’ ‘तुम्ही किती चांगले होतात’ हे उत्तर देऊ नका. आपण काय होतो ते त्याला तुमच्याहून जास्त माहीत असतं, म्हणूनच तो विचारतो. त्याच्या मनाला काय वाटतंय यावरही भर देऊ नका. मॉर्फिन चालू असताना मनाला काय वाटतं त्याचा भरवसा नसतो. ख्रिस्ताने काय केलं आणि काय म्हटलं तेवढं सांगा: योहान 10:28-29, कोणी त्यांना माझ्या हातातून हिसकावून घेणार नाही; लूक 23:42-43, शेजारच्या वधस्तंभावरचा गुन्हेगार, ज्याला काही सुधारून दाखवायला वेळच उरला नव्हता. काही मनाला टोचत असेल तर 1 योहान 1:9. एका वेळी एकच वचन, कानाशी, दोनदा.

कॅथलिक घर असेल तर फादरना लवकर बोलवा. पापनिवेदन, तेलाचं लेपन (याकोब 5:14) आणि कम्युनियन हे गंभीर आजार कळताच होऊ शकतं, प्रकृती आणखी बिघडली तर लेपन पुन्हाही होतं. ‘फादर आले म्हणजे संपलं’ या भीतीने लोक थांबतात आणि फादर येईपर्यंत माणूस बेशुद्ध होतो. प्रॉटेस्टंट घरी पाळकांना प्रभुभोजन घेऊन यायला सांगा. घरात दोन्हीकडचे नातेवाईक असतील तर एक वाद हमखास निघतो. प्रॉटेस्टंट तारणाच्या खात्रीबद्दल बोलतात. कॅथलिक चर्च मात्र, 1547 च्या ट्रेंट परिषदेपासून (ही बिशपांची धर्मसभा), आपण शेवटपर्यंत टिकूच अशी छातीठोक खात्री स्वतःबद्दल धरू नये, देवाच्या साहाय्यावर मात्र दृढ आशा ठेवावी, असं शिकवतं. खाटेशेजारी हा वाद नको. भरवसा ख्रिस्तावर, एवढं दोघांनाही मान्य आहे आणि मरणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

काय बोलू नये

‘कुठलं तरी पाप असेल’ हे तर नाहीच. योहान 9:3 आणि लूक 13:4 मध्ये येशूने तो हिशेब स्वतः मोडला आहे. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे त्याहून वाईट. बरं होण्याची तारीख सांगणारा आणि औषधं बंद करा म्हणणारा कोणी प्रार्थनेला येत असेल, तर त्याला नम्रपणे पण स्पष्ट सांगून थांबवा.

आणि प्रत्येक दुःख सहन करायचं नसतं. नवरा दारू पिऊन मारत असेल तर त्या बाईला ‘तुझा वधस्तंभ उचल’ सांगणं हा वचनाचा गैरवापर आहे. तिला सुरक्षित जागी न्या, मग प्रार्थना. कोणी ‘आता जगायचं नाही’ असं बोलत असेल तर एकटं सोडू नका, डॉक्टरकडे न्या. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलतात. हिंदू किंवा मुसलमान शेजारी येऊन बसले असतील तर त्यांना उद्देशून उपदेश करू नका. ते शेजारधर्माने आलेत.

पुढचं वर्ष

पहिल्या पंधरवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं, दुसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. म्हणून एक वही करा आणि भेटी वाटून घ्या: पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून. नाताळ, 2 नोव्हेंबरचा मृतांचा दिवस, वर्षश्राद्धाची मिस्सा किंवा स्मरणभक्ती या तारखा सगळ्यांच्या लक्षात राहतात. सुटतात त्या वेगळ्याच: गेलेल्याचा वाढदिवस, विम्याचे पैसे आले तो दिवस, केमोचा पुढचा डोस. मासेमारी बंदी उठून होड्या पुन्हा पाण्यात जातात तो दिवसही त्यातलाच, कारण त्या दिवशी सगळी वाडी जेटीवर असते आणि ते एक घर दार लावून बसलेलं असतं. त्या दिवशी कोण जाणार त्याचं नाव जुलैतच वहीत लिहून ठेवा.