नागपुरात नव्यानं राहायला आलात? नकाशा राहू द्या, आधी वार विचारा

सांगलीहून बदली होऊन आम्ही नागपुरात आलो तेव्हा पहिला महिनाभर आमचं नागपूर म्हणजे प्रताप नगरातलं भाड्याचं घर, ऑफिस आणि वाटेतला एक मॉल. रविवार आला की मोबाइलवर जवळची ठिकाणं शोधायची, वर जे दिसेल तिथं गाडी काढून जायचं, फोटो काढायचे आणि घरी. झिरो माइलला असंच गेलो. वाळूच्या दगडाचा खांब, शेजारी चार घोडे, ब्रिटिशांनी १९०७ साली उभारलेलं. सात मिनिटांत बघून झालं. मग सीताबर्डीचा किल्ला बघू म्हणून एप्रिलच्या उन्हात फाटकापर्यंत चढलो. फाटक बंद. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी उघडतो तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. ही साधी चौकशी मी केली नव्हती, चूक माझीच.

त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. या गावात ‘कुठे’ यापेक्षा ‘केव्हा’ हा प्रश्न मोठा. वस्त्यांची नावंच बघा: इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. बाजाराचा वार हाच पत्ता होऊन बसला. तेव्हा नवीन आलेल्यांनी सुरुवात कशी करावी, हे माझ्या चुकांच्या जोरावर सांगते.

चार सकाळी, चार दिशा

गाडी घरी ठेवा. घरातून निघायचं, एका दिशेला पंधरा मिनिटं चालायचं आणि परतताना दुसऱ्या गल्लीनं यायचं. दुसऱ्या दिवशी दुसरी दिशा. चार दिवसांत तुमचा परिसर पायाखालून जातो. नागपूरच्या नव्या वस्त्या म्हणजे ले-आऊट; सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, सगळ्या गल्ल्या एकसारख्या. पहिल्या आठवड्यात मी स्वतःच्याच घराची गल्ली दोनदा चुकले. म्हणून खुणा धरायच्या त्या चौकाच्या. इथं कुणी ‘उत्तरेला जा’ म्हणत नाही, ‘माटे चौकातून राईट मारा’ म्हणतात. आपल्या घराजवळचे चार चौक पाठ झाले की रिक्षावाल्याशी होणारी निम्मी भांडणं मिटतात.

चालताना काय टिपायचं? पानठेले, डेअरी, पिठाची गिरणी, बगीचा, देऊळ, वाचनालय, आणि कोपऱ्यावर सकाळी कढई चढवणारा माणूस. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, त्याच्याकडे येऊच.

मार्च ते जून या काळात हे सगळं सातच्या आत उरकायचं. मे महिन्यात नऊ वाजताचं ऊन डोक्यात जातं, आणि महिनाअखेरीस नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपूरकर स्वतःच दुपारी दार उघडत नाहीत. तुम्ही कशाला शूरपणा करता?

पानठेल्यावर बारीक प्रश्न विचारा

‘इथं बघण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न बाद. मी तो पाच जणांना विचारला, पाचही जणांनी तेच सांगितलं: ‘फुटाळ्याला जा ना ताई, दीक्षाभूमी बघा, महाराजबाग आहे.’ उत्तर खरंच आहे, पण ते पाहुण्याला द्यायचं उत्तर. तुम्ही पाहुणे नाही.

प्रश्न जितका बारीक, तितकं उत्तर भारी. मी हे तीन सुचवते. सकाळचे पोहे कुणाचे? इथला आठवडी बाजार कोणत्या वारी? आणि तिसरा, सप्टेंबरातल्या त्या पुरात इथं पाणी कुठवर आलं होतं?

तिसरा प्रश्न पर्यटनाचा वाटत नाही, पण माणसं त्यावरच सगळ्यात जास्त बोलतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मोठा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्या चौकातल्या ठेलेवाल्या भाऊंना हा प्रश्न विचारला, तर त्यांनी सुपारी कातरणं थांबवलं, हातवारे करत कुठली गल्ली बुडाली, कुणाची गाडी वाहिली, मुळात नाल्याची वाट कुठून होती, सगळं उभं केलं. ज्या नदीवरून गावाला नाव मिळालं ती माझ्या रोजच्या रस्त्याखालून जाते, हे मला त्या पंधरा मिनिटांत कळलं. पुढच्या रविवारी आम्ही अंबाझरीच्या बांधावर गेलो ते तलाव बघायला कमी आणि पाणी कुठून सुटलं ते बघायला जास्त.

पोह्यांची वेळ

तर्री पोहे दुकानात बसून, मेनू बघून खायची गोष्ट नाही. साडेसात-आठला जा. कागदाची किंवा स्टीलची प्लेट, त्यात पिवळे पोहे, वर काळ्या हरभऱ्याची लाल तर्री, कच्चा कांदा, लिंबू. पोहे एरवी मऊ आणि गरीब वाटतात. तर्री पडली की त्यांचा स्वभाव बदलतो. पहिल्यांदा खाणार असाल तर ‘तर्री कमी’ म्हणा, ठेलेवाला हसेल, हसू द्या. दहाच्या पुढे बहुतेक ठिकाणी भांडं उलटं झालेलं असतं.

कस्तुरचंद पार्कजवळचे पोहे नावाजलेले आहेत, एकदा जरूर खा. पण आपल्या वस्तीतला एक ठेला पक्का करा आणि महिनाभर तिथंच जा. तिथं उभं राहून खाणाऱ्यांच्या बोलण्यातून जे कळतं ते कुठल्याही ॲपवर नाही: कोणता रस्ता खोदलाय, कुठल्या सभागृहात आज गाणं आहे, कुणाकडची पाटोडी चांगली. सावजीचा पत्ताही मला तिथंच मिळाला. सावजी हे मुळात इथल्या हलबा कोष्टी विणकरांचं जेवण. आम्ही कोल्हापूर-सांगलीकडचे लोक तिखटाच्या फुशारक्या मारतो, म्हणून बेधडक मटण मागवलं. पहिल्या घासाला काही वाटलं नाही. तिसऱ्या घासाला नवऱ्यानं पाणी मागितलं. आता तो ही गोष्ट कुणाला सांगू देत नाही.

बाजारात शब्द शिका

आठवडी बाजाराला मी मुद्दाम पिशवी घेऊन गेले, नुसतं बघायला गेलं की कुणी बोलत नाही. भाजीवाल्या मावशींनी विचारलं, ‘सांबार देऊ का?’ मी म्हटलं, ‘नको, घरी केलंय.’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की शेजारची बाई हसायला लागली. मग त्यांनी कोथिंबिरीची जुडी वर धरली. ‘हा सांबार, बाई.’ त्या दिवसापासून सांबारवडी म्हणजे काय हेही कळलं, आणि ती नागपुरातच का खायची हेही.

फल्ली म्हणजे भुईमुगाच्या शेंगा, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा, आणि ढेमसं ही वेगळीच गोल हिरवी भाजी, जी आमच्याकडे फारशी कुणी खात नाही. पाच शब्द आले की बाजार तुमचा होतो. संत्र्यांचंही तसंच. हिवाळ्याच्या सुरुवातीला येतो तो आंबिया बहार, उन्हाळ्याच्या तोंडावर येतो तो मृग बहार. ‘कुठला बहार?’ एवढं विचारलंत तरी विक्रेता ओळखतो की गिऱ्हाईक अगदीच नवखं नाही, आणि वरची चकचकीत सोडून खालची गोड काढून देतो. निदान माझ्या बाबतीत तरी.

मेट्रोचं एक तिकीट काढा, काम नसताना

वस्ती कळल्यावर शहराकडे वळायचं, आणि त्यासाठी मेट्रोसारखं साधन नाही. दोनच मार्ग आहेत, ऑरेंज आणि ॲक्वा, दोन्ही बर्डीला भेटतात. (सीताबर्डीला फक्त पाट्यांवर सीताबर्डी म्हणतात.) रविवारी सकाळी शेवटच्या स्टेशनापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. खिडकीशी बसा. ॲक्वा लाइनवर सुभाष नगर सोडलं की अंबाझरीचं पाणी दिसतं. ऑरेंज लाइनवर गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर तुम्ही.

मग परतीच्या वाटेवर तीन ठिकाणी उतरा.

झिरो माइलला उतरून अजब बंगला. पाटीवर मध्यवर्ती संग्रहालय असतं, १८६३ चं; पण रिक्षावाल्याला अजब बंगलाच सांगायचं. सोमवारी जाऊ नका, बंद असतो. कडबी चौकाला उतरलात तर मोतीबागेत नॅरो गेजचं रेल्वे संग्रहालय आहे. मुलं असतील तर अर्धा दिवस तिथंच जाईल, आणि मोठी माणसंही वाफेच्या छोट्या इंजिनापाशी जरा जास्तच रेंगाळतात.

तिसरं ठिकाण माझ्या सर्वांत आवडीचं, चितार ओळी. ओळ म्हणजे एका धंद्याची गल्ली, जुन्या नागपुरात अशा कितीतरी. चितार ओळीत मूर्तिकार राहतात. गणपतीच्या आधी तीन आठवडे जा, आदल्या दिवशी नको, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. तीन आठवडे आधी माती ओली असते. एका घराच्या ओसरीवर मी बराच वेळ उभी होते. आजोबा एका गणपतीच्या सोंडेवरून ओल्या बोटानं हात फिरवत होते, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. मागं गवताचा सांगाडा बांधलेली दुसरी मूर्ती, तिला अजून डोकं नव्हतं. त्यांच्या नातवानं विचारलं, ‘काकू, बुक करायचा का?’ त्या वर्षी आमचा गणपती तिथूनच आला.

तिथून महाल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गोंड राजा बख्त बुलंद शहानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेलं आणि पुढं भोसल्यांनी राजधानी केलेलं जुनं नागपूर ते हेच. महालात ठरवून काही बघू नका. अरुंद गल्ल्या, वाड्यांचे लाकडी सज्जे, देवळं, भांड्यांची दुकानं. भूक लागेपर्यंत फिरा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा

काही गोष्टी वर्षात एकदाच दिसतात, त्या चुकल्या की बारा महिने वाट बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलं सजवलेले लाकडी बैल घेऊन दारोदार येतात, तेव्हा घरात सुटे पैसे आणि खाऊ असू द्या, नवीन भाडेकरूला ओळख करून घ्यायला याहून सोपा दिवस नाही. त्याच दिवशी इतवारी-महालाकडे मारबत निघते. काळी आणि पिवळी, दोन अजस्र पुतळ्यांच्या मिरवणुका, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या, आणि मागोमाग बडगे नावाचे पुतळे, त्यांच्यावर त्या वर्षीच्या महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची खिल्ली. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा गलका ऐकू आला की रस्त्याच्या कडेला उंच ओटा शोधा. गर्दी फार, मुलांना खांद्यावर घ्या.

दसऱ्याला दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या स्मरणात लाखो लोक येतात. स्तूप नीट, शांतपणे बघायचा असेल तर एरवीच्या एखाद्या सकाळी जा; पण दसऱ्याच्या आसपास तिथले पुस्तकांचे स्टॉल बघायला विसरू नका. माणसं गावाकडून भाकरी बांधून येतात आणि परत जाताना पुस्तकांची पिशवी नेतात. रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. बघण्यासारखं त्यात माझ्या मते काही नाही, फक्त सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद मिळतात, तेवढं लक्षात ठेवा.

आणि किल्ला. गेल्या २६ जानेवारीला आम्ही पुन्हा गेलो, या वेळी फाटक उघडं होतं. बरोबर ऑफिसातला एक सहकारी होता, जन्मापासून नागपूरचा, वय चौतीस, आणि किल्ल्यात पहिल्यांदाच येत होता. १८१७ ची भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई, जुन्या कबरी, तटावरून दिसणारं स्टेशन, सगळं बघून झालं. तो मात्र तटाशी उभा राहून अर्धा तास आपल्या घराजवळची पाण्याची टाकी शोधत होता. सापडल्यावर त्यानं आईला फोन लावला आणि म्हणाला, ‘गच्चीवर ये ना जरा, अन् हात हालव.’