कोल्हापुरातून महिला लीगकडे: पहिला क्लब कसा निवडाल?

शाहू स्टेडियमवर पेठापेठांची जी ईर्षा दिसते ती पुरुषांच्या लीगची. मुलीला फुटबॉलवर पोट भरायचं असेल तर नजर 2016-17 मध्ये सुरू झालेल्या इंडियन विमेन्स लीगवर, आणि 2023-24 पासून तिच्याखाली आलेल्या दुसऱ्या श्रेणीवर हवी. दुसऱ्या श्रेणीतले पहिले दोन संघ वरच्या लीगमध्ये चढतात.

वरच्या क्लबचा बाक की खालच्या क्लबचं मैदान? आधी मिनिटं मोजा. 2024-25 मध्ये वर 8 संघ होते, एकमेकांशी दोनदा खेळले म्हणजे प्रत्येकी 14 सामने, 1260 मिनिटं. दर सामन्यात शेवटची पंधरा मिनिटं मिळाली तरी मोसमाचा हिशेब 210 वर थांबतो. विशी ओलांडायच्या आत एवढं कमी खेळणं परवडत नाही. म्हणून कोचला थेट विचारा, माझ्या जागेवर आणखी कितीजणी आहेत? तिघी असतील तर नाव कितीही मोठं असो, खालचा क्लब बरा.

किमान 10 भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान 3.2 लाखांचा करार द्यावा, असा निर्णय अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने वरच्या लीगसाठी 2023 मध्ये घेतला. संघात मुली त्याहून जास्त असतात. तेव्हा ‘त्या दहांत मी आहे का?’ हा प्रश्न लाजून गिळू नका. पगाराची तारीख, राहणं, जेवण हे तर लेखी घ्याच; त्याहून महत्त्वाचं, गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर शस्त्रक्रिया कोणाच्या खर्चाने आणि पगार चालू राहणार का, तेही घ्या. ही दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होते. तोंडी ‘बघू की’ला काही किंमत नाही.

ट्रायलला हायलाइट्सपेक्षा दोन पूर्ण सामन्यांचं चित्रण न्या; चेंडू पायात नसताना तुम्ही कुठे उभ्या राहता हे कोचला त्यातच दिसतं. ट्रायल टर्फवर असेल तर गवतावरचे लांब स्टड घरी ठेवा. पाय अडकतो आणि गुडघा पिरगळतो.

कागदांत घोळ होतो तो नावाचा. जन्मदाखला, आधार आणि पासपोर्टवर आडनावाचा क्रम नि स्पेलिंग एकच हवं. आधीच्या क्लबकडे ऑनलाइन नोंदणी असेल तर ट्रान्सफरची मुदत संपण्याआधी सोडवून घ्या, आणि दोन क्लबांच्या फॉर्मवर सही करू नका. ट्रायलसाठी पैसे मागणाऱ्या एजंटला आधी फिफाचा परवाना दाखवायला सांगा. बहुतेक वेळा फोन तिथेच बंद होतो.