ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेताय? बेळगाव भागात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

सीमाभागात बसून ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याचा पहिला घात आजचा नकाशाच करतो. ‘घोडदळ कर्नाटकातून महाराष्ट्रात शिरलं’ असं वाक्य अठराव्या शतकातल्या प्रसंगात सहज पडून जातं. ही हद्द १९५६ ची. त्याआधी बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, आणि धारवाडातून तोडून बेळगाव हा वेगळा जिल्हा झाला तोच १८३६ मध्ये. त्याच्याही मागं गेलात तर परगणे आणि देसगती, म्हणजे देसायांच्या ताब्यातले मुलूख: निपाणी, वंटमुरी, कित्तूर. पात्रांच्या डोक्यात तोच मुलूख हवा. सीमालढ्याचा राग पेशवाईतल्या पाटलाच्या तोंडी घातलात, की पाटील गेला आणि उरला आपल्या चौकातला वक्ता.

दुसरी चूक याच घरातली: फक्त मराठी कागद वाचायचे. इंग्रज कलेक्टर थॅकरे २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरपुढं मारला गेला, हे इंग्रजी कागदांत मिळेल. पण १८३१ मध्ये नंदगडला फाशी गेलेल्या, कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळी रायण्णाला लोकांनी कसं मनात ठेवलं, ते कन्नड लावण्या ऐकल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडं शेजारीपाजारी कन्नड जाणणारं कुणीतरी असतंच; त्यांच्याजवळ बसा.

सगळ्यात जास्त गोंधळ तारखांचा. मोडी शिकलात म्हणून सुटलात असं नाही. पत्रावर ‘समान अशर मयातैन व अलफ’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार: १२१८. अनेक जण याला हिजरी समजून १८०३ काढतात, म्हणजे दुसरा बाजीराव नुकताच पुन्हा गादीवर बसलेला. पण हा सुहूर सन आहे, मराठी दप्तरातली वेगळी कालगणना. तो मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १८१७-१८. त्याच सनात, एप्रिल १८१८ मध्ये, बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला. वाचण्यातल्या एका चुकीनं राज्य बुडाल्याचं पत्र चौदा वर्षं आधी पोचतं! शकाचं सोपं आहे: ७८ मिळवा, पौष ते फाल्गुनात बहुधा ७९.

ऋतूही तपासा. बेळगावहून पुण्याला निघालेला स्वार आषाढात दुसऱ्या दिवशी पोचवू नका. वाटेत घटप्रभा, हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा, पंचगंगा, वारणा, पूल नाहीत. उतार बुडालेले, नावेसाठी थांबावं लागणार. हा खोळंबा टाळण्याऐवजी वापरा, प्रकरण तिथंच रंगतं. शिवाय खानापूरचं जंगल आणि अथणीचं कोरडं माळरान एकाच जिल्ह्यात येतं म्हणून दोन्हीकडं एकच पाऊस पाडू नका. गुलमोहर, नीलगिरी आणि हिडकलचा जलाशय पेशवाईतल्या वर्णनातून सरळ काढून टाका.

बेळगावचं गॅझेटियर जरूर वाचा, पण ते १८८४ चं आहे. त्यातला बाजार उचलून आदिलशाहीत मांडायचा नाही. बखरींचंही तसंच. शिवाजी महाराजांची बखर सभासदानं १६९७ च्या सुमारास लिहिली, महाराज गेल्यानंतर सतरा वर्षांनी. आणि बखरकारांत तोच जवळचा.

पन्नास-शंभर पानं आधीच लिहून झाली असतील तर फाडू नका. प्रत्येक प्रसंगापुढं चार रकाने आखा: महिना कोणता, जागा कोणती, तिथं तेव्हा अंमल कुणाचा, आणि पात्राला ही बातमी कुणी दिली. बहुतेकांचा चौथा रकाना रिकामा निघतो, कारण लेखकाला पुढचं सगळं ठाऊक असतं आणि ते नकळत पात्रालाही कळून जातं. तिथं एखादा जासूद, बाजारातला व्यापारी, माहेरी आलेली सून आणा. एवढं करूनही तारीख बसत नसेल तर लढाई पुढंमागं सरकवू नका. आपलं रचलेलं पात्रच दोन महिने आधी सौंदत्तीच्या यात्रेला पाठवून द्या.