खुनाच्या केसमध्ये जन्मठेप लागली? अपील करताना या चुका टाळा

जेल अपीलच्या कागदांना मदत करतो म्हणून जन्मठेप लागलेल्यांच्या घरचे लोक माझ्याकडे येत असतात, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, “दादा, सुटका नाही तर नाही, निदान शिक्षा तरी सात-आठ वर्षांवर येईल ना?” सगळ्यात मोठी चूक हीच. खुनाच्या कलमाला, जुनं ३०२ घ्या किंवा १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना लागणारं भारतीय न्याय संहितेचं १०३ घ्या, शिक्षा दोनच आहेत, फाशी नाहीतर जन्मठेप, आणि वर दंड. खुनाचं कलम कायम राहिलं तर हायकोर्टसुद्धा जन्मठेपेच्या खाली येऊ शकत नाही. म्हातारी आई, लहान पोरं, पहिलाच गुन्हा, हे सगळं खरं असेल, पण त्याने जन्मठेपेची दहा वर्षं होत नाहीत.

म्हणून लढायचं ते कलमावर. एकतर हा माणूस त्यात नव्हताच, नाहीतर घडलं ते खून नसून सदोष मनुष्यवध आहे, म्हणजे खुनापेक्षा हलका गुन्हा, जुनं ३०४, आताचं १०५. अचानक भांडण झालं, एकच वार बसला, शस्त्र आधीपासून जवळ नव्हतं, असले मुद्दे पुराव्यातून दाखवावे लागतात, नुसतं “रागाच्या भरात झालं” म्हणून भागत नाही. मुंबईची नानावटी केस बघा. १९५९ सालची. नौदल अधिकारी नानावटीने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, बायकोने संबंधांची कबुली दिल्यावर राग अनावर झाला असा बचाव होता, पण सुप्रीम कोर्टाने घड्याळ बघितलं: दीडच्या सुमारास घर सोडलं, मधे जहाजावर जाऊन रिव्हॉल्वर घेतलं, आणि गोळ्या झाडल्या चार वीसला. तेवढ्या वेळात माणूस भानावर येतो असं म्हणून १९६१ मध्ये जन्मठेप कायम झाली. तेव्हा आपल्या केसमध्ये भांडण आणि वार यात किती वेळ गेला, मधे कोण कुठे गेलं, हे साक्षीपुराव्यातून आधी शोधून काढा.

दुसरी चूक मुदतीची. जन्मठेपेविरुद्ध हायकोर्टात ६० दिवस, फाशी असेल तर ३०. फाशीची शिक्षा हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येतच नाही म्हणून घरचे निवांत बसतात, तसं करू नका, आपलं अपील वेगळं टाकाच. निकालाची एक प्रत आरोपीला लगेच आणि फुकट मिळायला हवी, ती कोर्टातच मागून घ्या. नक्कल अर्ज करून काढली असेल तर तिच्यावरचा शिक्का बघा, त्यात अर्ज कधी केला आणि नक्कल कधी तयार झाली त्या तारखा असतात, हे मधले दिवस मुदतीतून वजा होतात पण अर्ज करायच्या आधी घरी बसून घालवलेले दिवस होत नाहीत. एक आई नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून तब्बल सात महिने फिरत होती, वकिलाची फी जमेना म्हणून. खरं तर जेलमध्ये असलेल्याला सरकारी खर्चाने वकील मिळायचा हक्क आहे आणि अपील जेलमधूनच अधीक्षकामार्फत पाठवता येतं. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज जोडा आणि त्यात खरं कारण लिहा, ठोकळ्यातलं नको.

“अपील केलं की शिक्षा वाढते” ही बराकीतली अफवा आहे. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढत नाही, त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं किंवा कोर्टाला आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. मयताच्या घरच्यांनाही सांगतो, आरोपी सुटला किंवा कलम हलकं झालं तर तुम्ही अपील करू शकता, पण फक्त शिक्षा कमी वाटते म्हणून नाही, ते सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय.

हायकोर्टात नीट तयारी न करता “पुढे सुप्रीम कोर्ट आहेच” असं धरून चालणं फार महागात पडतं. तिथे बहुतेक वेळा आधी परवानगी लागते, हायकोर्टाच्या निकालापासून ९० दिवसांत, आणि साक्षीदार खरं बोलला की खोटं हे तिथे सहसा पुन्हा तपासत नाहीत. सुटलेल्या माणसाला हायकोर्टानेच दोषी ठरवून फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं नाहीतर त्याहून जास्त शिक्षा दिली, तर मात्र तिथे अपील हक्काचं आहे.

चौदा वर्षांनी आपोआप सुटतो हाही गैरसमजच. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य, हे गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेच्या अर्जावर १९६१ मध्येच ठरलंय. चौदा वर्षांआधी सोडता येत नाही एवढाच त्या आकड्याचा अर्थ, पुढची सूट सरकारच्या हातात.

आणि एक गोष्ट जिला मुदतच नाही: वय. गुन्ह्याच्या दिवशी पोरगा अठराच्या आतला होता हे कधीही, अगदी शेवटचा निकाल लागल्यावरही मांडता येतं. पुण्याच्या १९९४ च्या राठी हत्याकांडात फाशी झालेल्या एकाचं वय राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरवरून तपासलं गेलं, तो तेव्हा साडेबारा वर्षांचा निघाला. सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं २०२३ मध्ये, तोवर अठ्ठावीस वर्षं आत गेली होती. वयाबद्दल जराही शंका असेल तर शाळेचा दाखला आजच काढा.