भेटायला गेल्यावर ऐकताना या चुका टाळा

घरात कुणी गेलं की तेराव्यापर्यंत माणसांची रीघ लागते. येणारे जिव्हाळ्यानेच येतात, तरी ज्याचं माणूस गेलंय त्याच्या मनातलं मनातच राहतं. धीर द्यायच्या घाईत आपलं ऐकायचं राहून जातं.

सर्रास होणारी चूक म्हणजे लगेच समजूत घालणं. समजा, मावशी सांगतायत, "रात्री दोनला त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं आणि परत झोपले. सकाळी बघते तर..." आपण चटकन म्हणतो, "तुमचा काय दोष त्यात? असलं काही मनातही आणू नका." हेतू चांगला असतो, पण मावशी तिथेच गप्प होतात. तो विचार मनात येतोच आहे आणि आता तो बोलायचीही चोरी. त्याऐवजी, "ते पाणी मागितलेलंच सारखं आठवतंय का, मावशी?" एवढं विचारून थांबा. बहुतेक त्या पुढचं सांगतील, की मी जागं राहायला हवं होतं गं, त्यांनी हाक मारली असेल आणि मला ऐकूच आली नसेल. "तुमचा दोष नाही" हे म्हणायचंच असेल तर आता म्हणा. सगळं ऐकून घेऊन म्हटलेलं त्यांना पटण्याची शक्यता जास्त.

अशा मन लावून ऐकण्याला सक्रिय श्रवण म्हणतात. ही संकल्पना कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये मांडली, तीही कामाच्या ठिकाणच्या संवादासाठी. शब्दांबरोबर त्यामागची भावनाही ऐका, हा त्यांचा आग्रह. सल्ल्यानेच काय, कौतुकानेसुद्धा माणसाचं मोकळं बोलणं अडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पूर्ण पटतं. "किती खंबीर आहात हो तुम्ही!" असं ऐकल्यावर चारचौघांत कोण रडेल?

"कुठल्या डॉक्टरांकडे होते? आधीच पुण्याला का नाही हलवलं?" ही चौकशी तर करूच नका. ज्याने हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून ते निर्णय घेतले, त्याला आपण पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. "आमच्या सासऱ्यांचंही अगदी असंच झालं" हेही त्या दिवशी नको.

आता अडचणी. समोरचा काहीच बोलत नसेल तर बोलतं करायचा खटाटोप नको. नुसतं बसा, फोन पिशवीत ठेवा, चहाची भांडी विसळा. तोच प्रसंग चौथ्यांदा सांगत असेल तर "हे सांगितलंत मघाशी" म्हणू नका. दर खेपेला एखादा तपशील नवा निघतो, तो टिपा. भावांवर, डॉक्टरांवर राग निघाला तर कुणाची वकिली करू नका. "फार राग आलाय तुम्हाला" इतकं पुरे. मात्र त्यांचंच वाक्य पोपटासारखं परत म्हणू नका, ते लगेच कळतं आणि टोचतं.

तेराव्यानंतर घर रिकामं होतं. खरं बोलणं कित्येकदा तेव्हाच सुरू होतं, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा जा किंवा फोन करा. "आता जगून काय करायचं" असं कानावर आलं तर विषय बदलू नका. जीव द्यायचे विचार मनात येतायत का, हे सरळ, हळू आवाजात विचारा. "हो" म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका. घरच्यांना सांगा आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतून बोलता येतं.